उरलेला पगार गावाहून येतो

पहिला पगार जगण्यासाठी नसतो, शिकण्यासाठी असतो. हे मत बंगळुरूत इतक्या खात्रीने ऐकवलं जातं की ऐकणाऱ्याला तो निसर्गनियमच वाटावा. कंपन्यांचे मनुष्यबळ अधिकारी ते सांगतात, कॉलेजांचे प्लेसमेंट अधिकारी सांगतात. मला सर्वांत जास्त टोचतं ते हे, की जे. पी. नगरातल्या आपल्या मराठी घरांतूनही ते तितक्याच सहजपणे सांगितलं जातं. सांगणाऱ्याचं स्वतःचं घर झालेलं असतं, बहुतेकदा दुसरा फ्लॅट भाड्याने दिलेला असतो. समोर बसलेला भाचा किंवा पुतण्या नुकताच लातूरहून किंवा सांगलीहून नोकरीला आलेला असतो आणि मान खाली घालून ऐकत असतो. हिशेब त्याला येत नाही असं नाही. काकांच्या तोंडावर तो मांडायचा कसा, हे त्याला कळत नाही. म्हणून त्याच्या वतीने मी मांडते.

आधी समोरची बाजू पूर्ण सांगते, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणू नये. ती बाजू अशी: नवीन मुलाला काही येत नसतं, कंपनीच त्याला शिकवते, तेव्हा त्याला मिळतं तेही जास्तच आहे. पगार बाजार ठरवतो, शहराचं घरभाडं नाही. शहर महाग वाटत असेल तर लांब राहावं, खोलीत चौघांनी राहावं, नाहीतर गावी परत जावं. आमच्या पिढीनेही तुटपुंज्या पगारात दिवस काढले आणि त्यातूनच वर आलो. आणि पहिलाच पगार वाढवायला लावला तर कंपन्या माणसं घेणं बंद करतील, म्हणजे नुकसान मुलांचंच. शेवटी हळू आवाजात एक गोष्ट जोडली जाते: आईवडील असतातच की सुरुवातीला मदत करायला.

या हळू आवाजातल्या वाक्यावरच बाकी सगळी इमारत उभी आहे. त्याच्याकडे मी येणारच आहे, पण आधी आकडे.

वर्षाला साडेतीन लाखांचं पॅकेज घ्या. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत हजारो मुलांची सुरुवात आजही याच्या आसपास होते. पॅकेजमध्ये कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी धरलेला असतो, ग्रॅच्युइटी धरलेली असते, विम्याचा हप्ता असतो आणि कामगिरीवर मिळेल न मिळेल असा एक भागही असतो. महिन्याच्या शेवटी खात्यात तेवीस ते पंचवीस हजार पडतात. आता जे. पी. नगरात या. तिघांच्या खोलीतली पीजीची एक खाट, सकाळ-संध्याकाळच्या जेवणासह, साधारण नऊ हजार. दुपारचं जेवण आणि चहा तीन हजार. येणं-जाणं अडीच हजार. फोन, साबण, औषध, चपला, दाढी यांचे दोन हजार. शिक्षणासाठी चार लाखांचं कर्ज काढलेलं असेल, जे तारणाशिवाय मिळतं म्हणून आपल्याकडची बहुतेक कुटुंबं तेवढंच काढतात, तर दहा टक्के व्याजाने सात वर्षांत फेडायला महिना सहा हजार सहाशे चाळीस रुपये लागतात. बेरीज तेवीस हजारांच्या वर गेली. यात सिनेमा नाही, पुस्तक नाही, आजारपण नाही, दिवाळीला घरी जायचं बसचं तिकीट नाही, जे दिवाळीतच सर्वांत महाग असतं. घरी पाठवायला काही नाही. आणि हा मुलगा एका खोलीत तिसरा म्हणून राहतो आहे, म्हणजे काका जो काटकसरीचा उपदेश करतात तो त्याने आधीच पाळलेला आहे.

स्वतंत्र खोली घ्यायची म्हटली तर आणखी वेगळीच गोष्ट. एका बेडरूमच्या घराला या भागात अठरा-वीस हजारांच्या खाली हात लावता येत नाही. शिवाय बंगळुरूची अनामत. एकेकाळी दहा महिन्यांचं भाडं आगाऊ घ्यायची इथे पद्धतच होती, आज पाच-सहा महिन्यांचं सर्रास मागतात. केंद्र सरकारच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्याने राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवली होती, पण इथल्या व्यवहारावर तिचा काही परिणाम दिसत नाही. म्हणजे पहिला पगार हातात पडण्यापूर्वी या मुलाकडे लाखभर रुपये रोख हवेत. ते त्याने कुठून आणावेत? पगार शिकण्यासाठी असतो असं म्हणणाऱ्या काकांनीच आपल्या दुसऱ्या फ्लॅटच्या भाडेकरूकडून सहा महिन्यांची अनामत घेतलेली असते. मुलगा नवीन आहे, शिकतो आहे, म्हणून भाड्यात कोणी सूट दिली का? सरक्की बाजारात भाजीवाल्याने दिली? 2025 च्या जानेवारीत कर्नाटकात सरकारी बसचं भाडं 15 टक्क्यांनी वाढलं, फेब्रुवारीत मेट्रोचं कमाल भाडं 60 वरून 90 रुपये झालं, एप्रिलमध्ये नंदिनीच्या टोन्ड दुधाचा लिटरचा भाव 42 वरून 46 वर गेला. या चार महिन्यांत कुणाचा पहिला पगार वाढला?

आता कायद्याकडे वळू. माणसाला जगायला किती लागतं, हे ठरवायची रीत आपल्या देशात फार जुनी आहे, ती काही कुणा चळवळ्याने काल काढलेली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. किमान वेतनाचं विधेयक त्यांनी एप्रिल 1946 मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडलं आणि 1948 मध्ये त्याचा कायदा झाला. राज्यघटनेच्या 43 व्या कलमात कामगाराला निर्वाह वेतन मिळावं यासाठी राज्याने प्रयत्न करावा असं लिहिलेलं आहे. जुलै 1957 मध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांनी मिळून मोजमाप ठरवलं: कमावणाऱ्यामागे तीन माणसांचं अन्न, दरडोई 2,700 उष्मांक, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी वेतनाच्या 20 टक्के. सर्वोच्च न्यायालयाने 1991 च्या रेप्टाकोस ब्रेट खटल्यात त्यात आणखी 25 टक्क्यांची भर घातली, मुलांचं शिक्षण, औषधोपचार, सणवार, म्हातारपण यांच्यासाठी. या मोजमापात कामगार नवा आहे की जुना, हा प्रश्नच कुठे येत नाही. भूक नोकरीच्या पहिल्या महिन्यातही तेवढीच लागते.

याच सूत्रावरून कर्नाटक सरकारने एप्रिल 2025 मध्ये किमान वेतनाचा मसुदा काढला. बंगळुरू महानगरात अकुशल कामगारासाठी महिना 23,376 रुपये आणि अतिकुशल कामगारासाठी 31,114 रुपये असे आकडे त्यात होते. उद्योजकांच्या संघटनांनी लगेच विरोध केला. आता त्याच्या शेजारी एक दुसरा आकडा ठेवा. ऑगस्ट 2024 मध्ये कॉग्निझंट कंपनीने पदवीधर नवोदितांसाठी वर्षाला 2.52 लाखांची जाहिरात केली, म्हणजे महिना 21,000, तोही कपातीपूर्वीचा. गदारोळ झाल्यावर कंपनीने खुलासा केला की हा पगार तीन वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी आहे, अभियंत्यांना चार लाखांपासून पुढे मिळतात. खुलासा मान्य. पण बी.एस्सी. किंवा बी.सी.ए. झालेल्या मुलाचं पोट अभियंत्याच्या पोटापेक्षा लहान असतं का? सरकारच्या मसुद्यात झाडलोट करणाऱ्या माणसाला जगायला जे लागतं म्हटलं आहे, त्याच्यापेक्षाही पदवीधराचा पहिला पगार खाली. झाडलोट करणाऱ्याला ते मिळायलाच हवं, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण एका पातळीखाली जगणं होत नाही असं सरकार स्वतःच हिशेबाने सांगत असताना, त्या पातळीखालच्या नोकरीला करिअरची सुरुवात म्हणून गौरवायचं कसं?

सरकार स्वतः नोकरी देतं तेव्हा काय करतं तेही पाहण्यासारखं आहे. सातव्या वेतन आयोगाने किमान मूळ वेतन 18,000 रुपये ठरवलं ते 1957 च्या निकषांचाच आधार घेऊन. 2025 च्या सुरुवातीच्या 55 टक्के महागाई भत्त्यासह ते 27,900 होतं. आणि बंगळुरू, मुंबई, पुणे, दिल्ली अशा आठ शहरांत घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या 30 टक्के, म्हणजे आणखी 5,400. लहान गावात तोच भत्ता 10 टक्के. बंगळुरूत केंद्र सरकारच्या सर्वांत खालच्या पदावर तेव्हा रुजू होणाऱ्याला पहिल्याच महिन्यात 33,300 रुपये मिळत, वर वाहतूक भत्ता. शहराप्रमाणे पगार बदलणं अव्यवहार्य आहे असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर बघावं. आपल्याच कराच्या पैशातून ही पद्धत वर्षानुवर्षं चालू आहे आणि तिच्यामुळे सरकारी कचेऱ्या ओस पडलेल्या नाहीत.

बाजार पगार ठरवतो, असं म्हणतात. ठीक आहे, बाजार बघू. 2022 मध्ये निवड झालेल्या मुलांना विप्रोने साडेसहा लाखांची नियुक्तिपत्रं दिली होती, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये त्यांना साडेतीन लाखांवर येता का असं विचारलं. मुलं वर्षभर थांबली होती, दुसरे देकार सोडून बसली होती. पुण्यातल्या नाइट्स या आयटी कर्मचारी संघटनेने त्यावर आवाज उठवला. इन्फोसिसच्या 2022 च्या तुकडीतल्या अनेकांना रुजू व्हायला दोन वर्षांहून अधिक वाट पाहावी लागली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांतल्या तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना म्हैसूरच्या आवारातून अंतर्गत परीक्षेत नापास म्हणून घरी पाठवण्यात आलं. ज्या बाजारात सौदा झाल्यावर एकच बाजू भाव अर्ध्यावर आणू शकते आणि दुसऱ्या बाजूला घरभाडं थकल्यामुळे होकार द्यावाच लागतो, तिथे भाव बाजाराने ठरवला असं म्हणणं खोटं आहे. आणि हे एखाद्या कामगार पुढाऱ्याचं मत नाही. इन्फोसिसचे माजी वित्तप्रमुख मोहनदास पै यांनी 2017 मध्येच जाहीरपणे सांगितलं होतं की मोठ्या कंपन्या आपसात बोलून नवोदितांचे पगार वाढू देत नाहीत. त्यानंतरही ते सातत्याने हेच बोलत आले आहेत.

परिणाम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. 2010 च्या सुमारास नवीन अभियंत्याला तीन-सव्वातीन लाख मिळत. आज तीन लाख साठ हजार हा चांगला आकडा समजला जातो. याच काळात महागाई कुठे गेली? 2012 मध्ये 100 धरलेला ग्राहक किंमत निर्देशांक 2024 च्या अखेरीस 195 च्या आसपास होता, म्हणजे तेव्हा शंभराला येणारी वस्तू जवळपास दोनशेला. खऱ्या अर्थाने पहिला पगार चांगलाच घसरला आहे. आणि ही घसरण उद्योग डबघाईला आल्यामुळे झालेली नाही. इन्फोसिसच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचं वेतन 2023-24 मध्ये सुमारे 66 कोटी होतं, पुढच्या वर्षी ते 80 कोटींवर गेलं. वरच्या माणसाचं वेतन ठरवताना जगातल्या सर्वोत्तम पगारांशी तुलना होते. खालच्या मुलाचं ठरवताना फक्त एकच विचार होतो, याहून कमीत कोणी येईल का. बाजार एकच असेल तर हे दोन नियम कसे?

नवीन मुलाला काही येत नसतं, या मुद्द्यालाही मी जागा देत नाही. शिकाऊ माणसासाठी या देशात 1961 पासून स्वतंत्र कायदा आहे. त्यात पदवीधर शिकाऊ उमेदवाराला किमान 9,000 रुपये विद्यावेतन ठरलं होतं, त्यातला अर्धा भाग केंद्राच्या योजनेतून येतो, मुदत ठरलेली असते आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. ज्याला खरोखरच शिकवायचं आहे त्याने हा मार्ग घ्यावा. पण नोकरी म्हणून नेमायचं, ग्राहकाच्या प्रकल्पावर लावून त्याच्या तासांचं बिल आकारायचं, रात्रपाळी करवायची, सोडून गेल्यास दंडाचा करार लिहून घ्यायचा, आणि पगाराची वेळ आली की तू अजून शिकतोस म्हणायचं, हे चालणार नाही. शिकणं काही महिन्यांत संपतं आणि पगार वर्षानुवर्षं तिथेच राहतो.

जे. पी. नगरपासून फार लांब नसलेल्या बोम्मनहळ्ळीत आणि होसूर रस्त्याच्या कडेला शिवणकारखाने आहेत. तिथल्या बायांच्या बाबतीत तर सुरुवातीचा पगार हा शब्दच फसवा आहे. दहा वर्षं मशीनवर बसलेल्या बाईचा पगारही किमान वेतनाला चिकटलेला असतो, तिची सुरुवात कधी संपतच नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये केंद्राने भविष्यनिर्वाह निधीतली मालकाच्या वाट्याची रक्कम 58 व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही असा नियम आणला, तेव्हा एप्रिलमध्ये याच बाया हजारोंनी होसूर रस्त्यावर उतरल्या आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला. संघटनेचा मोठा नेता त्यांच्या पुढे नव्हता. म्हातारपणासाठी ठेवलेल्या पैशासाठी तरुण बाया रस्ता का अडवतात? कारण पगारातून मुलांची फी आणि खोलीची अनामत निघत नाही, नोकरी सोडून मिळणारा निधी हीच त्यांची एकमेव गंगाजळी असते. पुढे एप्रिल 2020 पासून देय असलेला महागाई भत्ता, महिना चारशे सतरा रुपयांचा, यांना मिळवण्यासाठी दीड वर्षाहून जास्त झगडावं लागलं. या बायांना कोणत्या तोंडाने सांगायचं की थोडी कळ काढा, पुढे वाढेल?

आमच्या पिढीनेही असेच दिवस काढले, हे वाक्य मी आदराने ऐकत आले आहे आणि तरीही ते चुकीचं आहे. बंगळुरूत साठ-सत्तरच्या दशकांत आलेली मराठी माणसं कुठे लागली? एचएएल, आयटीआय, एचएमटी, बीईएल, अशा सरकारी कारखान्यांत. पगार लहान होता, पण पगारासोबत काय मिळत होतं ते आठवा. जालहळ्ळीत आणि दूरवाणीनगरात कामगारांच्या वसाहती होत्या. नाममात्र भाड्याची क्वार्टर, कारखान्याची बस, स्वस्त कँटीन, दवाखाना, शाळा. शहराचा बराचसा खर्च कारखाना उचलत होता, पगाराच्या चिठ्ठीवर तो दिसत नव्हता एवढंच. आणि तेवढ्यावरही ती पिढी गप्प बसली नाही. 1980-81 मध्ये याच कारखान्यांच्या कामगारांनी 77 दिवस संप केला. भेल या दुसऱ्या सरकारी कंपनीइतका पगार आम्हालाही द्या ही त्यांची मुख्य मागणी होती. त्या पिढीचं नाव घेऊन आजच्या मुलांना गप्प करणं हा त्या पिढीचाही अपमान आहे. आजच्या मुलाला ना क्वार्टर, ना कँटीन, ना कायमची नोकरी. त्याच्या हातात फक्त रोख पगार आहे, आणि तोच अपुरा आहे.

लांब राहा, नाहीतर गावी जा, हा सल्ला कामाचा तेव्हा होता जेव्हा कोविडच्या काळात मुलं खरोखरच गावाहून काम करत होती आणि काम होत होतं. त्यांना परत कोणी बोलावलं? टीसीएसने 2024 मध्ये पगाराचा बदलता भाग कचेरीतल्या हजेरीशी जोडला. इन्फोसिसने मार्च 2025 पासून महिन्यातले किमान दहा दिवस कचेरीत येणं बंधनकारक केलं. कंपनीला माणूस बंगळुरूतच हवा असेल तर बंगळुरूचा खर्च हा तिच्या धंद्याचा खर्च आहे, जसा काचेच्या इमारतीचा, विजेचा, डिझेल जनरेटरचा खर्च तिचा आहे. वीज महाग झाली म्हणून अर्धं बिल नवीन कर्मचाऱ्याच्या वडिलांनी भरावं असं कोणी म्हणतं का?

नोकऱ्या जातील, ही भीतीही तपासून पाहिलेली आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने एप्रिल 1992 मध्ये तासाचं किमान वेतन 4.25 डॉलरवरून 5.05 डॉलर केलं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या खानावळींची तुलना केली, तेव्हा नोकऱ्या घटल्याचं त्यांना आढळलं नाही. कार्ड यांना 2021 मध्ये नोबेल मिळालं, त्यामागे हे कामही होतं. लंडनमध्ये 2001 मध्ये पूर्व भागातल्या रहिवाशांनी निर्वाह वेतनाची मोहीम सुरू केली. आज तिथे लंडनसाठी वेगळा, वरचा दर जाहीर होतो आणि हजारो मालक तो स्वखुशीने देतात. 2024-25 साठी देशभर तासाला 12.60 पौंड आणि लंडनमध्ये 13.85 पौंड असा तो होता. ही तुलना बंगळुरूला जशीच्या तशी लागू होणार नाही हे मला कळतं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला दोन पोरांना तीस हजार देणं जमणार नाही हेही कळतं. पण गंमत म्हणून नव्हे, खरोखर विचारते: या चर्चेत झेरॉक्सवाल्याचं नाव कोण पुढे करतं? ज्यांचा वार्षिक नफा हजारो कोटींत आहे ते. लहान दुकानदारासाठी सवलतीची, मुदतीची, सरकारी मदतीची वाट काढता येईल. त्याला ढाल करून मोठ्यांनी लपू नये.

आणि पगार वाढला की घरमालक भाडं वाढवतील, असं घरमालकच सांगतात. भाडं तर पगार न वाढताही वाढलं. 2022 नंतर कचेऱ्या उघडल्या तेव्हा या शहरात भाडी कशी चढली हे जे. पी. नगरच्या प्रत्येक दलालाला माहीत आहे. तो प्रश्न भाड्यावर आणि अनामतीवर मर्यादा घालून, स्वस्त वसतिगृहं बांधून सोडवायचा आहे. मुलांना अर्धपोटी ठेवून नाही.

आता ते हळू आवाजातलं वाक्य. आईवडील असतातच मदतीला. असतात, हे खरं आहे, आणि म्हणूनच ही व्यवस्था कोसळत नाही. लातूरच्या एखाद्या शिक्षकाच्या खात्यातून दर महिन्याच्या वीस तारखेच्या सुमारास तीन-चार हजार रुपये बंगळुरूला येतात. जतच्या शेतकऱ्याने डाळिंब विकून अनामतीचे पैसे दिलेले असतात. नांदेडच्या आईने दागिना गहाण ठेवलेला असतो. मदत म्हणून दिसणाऱ्या या पैशाचं खरं स्वरूप काय? बंगळुरूच्या कंपनीने जे वेतन द्यायला हवं होतं आणि दिलं नाही, ते गावाकडचं कुटुंब देतं आहे. परदेशातल्या ग्राहकाला स्वस्त दराने मिळणाऱ्या कामाच्या मागे दुष्काळी तालुक्यातल्या घराचं अनुदान आहे. हे अनुदान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही आणि त्याचे आभार कोणत्याही वार्षिक अहवालात मानले जात नाहीत.

ज्याच्या घरात हे अनुदान द्यायची ऐपत नाही, त्याचं काय होतं हे अधिक गंभीर आहे. तो येतच नाही. आला तरी सहा महिन्यांत परत जातो आणि गावात म्हणतात, त्याला जमलं नाही. परत जाणाऱ्यांत मुली आधी असतात, कारण मुलीला सुरक्षित जागा हवी, सुरक्षित जागा महाग असते, आणि पैसे पुरत नाहीत म्हटलं की घरचे पहिल्यांदा तिलाच बोलावून घेतात. जे. पी. नगरच्याच घरातल्या मुलाला हाच पगार पुरतो, कारण त्याला भाडंच द्यावं लागत नाही. त्याचा तो पगार हातखर्च असतो. मग दोन वर्षांनी अनुभव कोणाकडे असतो, बढती कोणाला मिळते, पुढच्या कंपनीत दुप्पट पगारावर कोण जातं? गुणवत्तेने निवड होते असं आपण मुलांना सांगत राहतो, आणि पहिल्या पायरीवरच वडिलांच्या खात्यातली शिल्लक तपासली जाते. पहिल्या पिढीत पदवी घेतलेल्या, कर्ज काढून शिकलेल्या, वसतिगृहात राहून बारावी केलेल्या मुलांना आपण दार दाखवतो, उंबरा मात्र त्यांना ओलांडता येणार नाही इतका उंच ठेवतो. आरक्षणाने कॉलेजात पोचलेल्या मुलाला खासगी नोकरीच्या पहिल्या वर्षात घरभाड्याने बाहेर काढायचं, हा अन्याय इतका शांतपणे होतो की त्याच्याविरुद्ध मोर्चाही निघत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली आहे. किमान वेतनाचा हक्क आता ठरावीक धंद्यांपुरता राहिलेला नाही, सगळ्याच रोजगारांना तो आला आहे. म्हणजे सॉफ्टवेअरच्या मुलालाही. या हक्काचा अर्थ शहराच्या खऱ्या खर्चाप्रमाणे लावला जावा, एवढीच मागणी आहे. प्रत्येक नियुक्तिपत्रावर तीन गोष्टी छापणं सक्तीचं करा: काम कोणत्या शहरात, हातात प्रत्यक्ष किती पडणार, आणि त्या शहरात एका माणसाला राहायला-खायला सरकारच्या हिशेबाने किती लागतं. पहिल्या महिन्यात अनामतीसाठी बिनव्याजी आगाऊ रक्कम द्या. कचेरीत यायला लावत असाल तर सरकारी नोकरासारखा शहराचा घरभाडे भत्ता पहिल्या दिवसापासून द्या. कॉलेजांनी अशा पत्राशिवाय कंपनीला आवारात येऊ देऊ नये, आणि आपल्या मराठी मंडळांनी दर गणपतीला नवीन आलेल्या मुलांचं स्वागत करताना उपदेशाऐवजी हे पत्र वाचायला शिकवावं.

आणि ज्या कंपनीला हातात पडणारा पगार शहराच्या खर्चापेक्षा वर नेणं परवडत नाही, तिने त्याच पत्रावर स्पष्ट लिहावं की या नोकरीसाठी पदवीबरोबर उमेदवाराच्या वडिलांचं उत्पन्नही आवश्यक आहे. मग लातूरचा शिक्षक ठरवील, पोराला बंगळुरूच्या गाडीत बसवायचं की नाही.